धबधब्याकडे पाठ करून उभे राहा

जून लागला की गोव्याच्या किनाऱ्यांवर लाल बावटे लागतात आणि समुद्रात उतरायची सोय राहत नाही. हिरमुसू नका. बुडायचेच असेल तर खारे पाणी काय आणि गोडे पाणी काय! गाडी पूर्वेला वळवा. सत्तरी, धारबांदोडा, सांगे, काणकोण, जिथे म्हणून सह्याद्रीचा कडा आहे तिथे पावसात पाणी कोसळतेच. मी सत्तरीतला. एका धबधब्याची वाट आमच्या अंगणाला लागूनच जाते, त्यामुळे माझा सल्ला फुकट असला तरी अनुभवाचा आहे.

वार रविवारच धरा. इतर वारी धबधबा असतो, पण माणसे नसतात. मग आपण आलो होतो हे बघणार कोण? घरून अकराला निघावे, वाटेत मिरचीभजी खावीत, मग कुठेतरी शाकुती-पाव हाणावा आणि भरल्या पोटाने साडेतीनला पाण्यात उतरावे. तोवर घाटमाथा काळाकुट्ट झालेला असला तर सोन्याहून पिवळे, फोटोला फिल्टर लागत नाही.

सुरुवात दूधसागरापासून करावी, कारण बाकीच्यांची नावे मित्रांना माहीत नसतात. पावसाळ्यात कुळ्याहून जाणाऱ्या जीपगाड्या बंद असतात, त्या ऑक्टोबरात सुरू होतात. म्हणजे पाणी ओसरले की पाणी बघायला या, असा सरकारी हिशेब. तुम्ही असल्या हिशेबाला बधणारे नव्हे. रेल्वेचे रूळ आहेत ना! कॅसल रॉककडून घाट उतरणाऱ्या रुळांवरून चालत जाण्याला मनाई आहे, बोगदे आहेत, बोगद्यात मालगाडी आली तर भिंतीला चिकटायला वीतभर जागा असते किंवा नसते. पण जुलै 2023 मध्ये किती लोक गेले होतेच की! रेल्वे पोलिसांनी त्यांना अडवून रुळांवरच उठाबशा काढायला लावल्या, देशभर व्हिडिओ फिरला. जिमला महिन्याचे पैसे भरावे लागतात, इथे व्यायाम फुकट आणि वर प्रसिद्धी. दूधसागर डब्यात बसूनच बघा, अशी विनंती रेल्वेने केली. डब्याच्या खिडकीतून तो खरोखरच सुंदर दिसतो, पण त्यात तुम्ही दिसत नाही, ही मोठी अडचण.

पोचलात की धबधब्याकडे पाठ करून उभे राहा. तो 310 मीटर उंच आहे, चार टप्प्यांत उतरतो. सेल्फीत त्यातले दीडदोन मीटर तुमच्या डाव्या कानामागे येतील. तेवढे पुरे.

साखळीजवळच्या हरवळ्याला मात्र जाऊ नका. तिथे थेट गाडी जाते, पायऱ्या आहेत, शेजारी रुद्रेश्वराचे देऊळ आहे, हाकेच्या अंतरावर दगडात कोरलेली लेणी आहेत. आजीला हात धरून नेता येते, ती देवाला नमस्कार करते, बाकावर बसून पाणी बघते आणि सुखरूप घरी येते. असल्या सहलीची गोष्ट ऑफिसात कुणाला सांगणार?

आता फलकांबद्दल. 'पाण्यात उतरू नये' असे लिहिलेला फलक हा ओला शर्ट वाळत घालण्यासाठी असतो. आमच्या वाटेवरच्या फलकाचा वरचा कोपरा त्यामुळे वाकलेला आहे आणि 'उतरू' मधला 'उ' घासून गेला आहे. नेत्रावळीच्या अभयारण्यात मैनापी धबधब्यावर जुलै 2023 मध्ये एकाच दिवशी दोघे बुडाले, त्यानंतर वन खात्याने अभयारण्यांतल्या धबधब्यांची वाट बंद केली. त्या आठवड्यात आमच्याकडे गाड्या वाढल्या. तिकडे बंद आहे म्हणून इकडे आलो, असे एकाने मला प्रामाणिकपणे सांगितले.

पाण्यात उतरल्यावर वर बघायचे नाही. वर बघतात ती गावची माणसे, आणि ती काही फार मजा करत नाहीत. इथे ऊन असले तरी वर चोर्ल्याच्या बाजूला सडकून पडत असेल, हे त्यांना ठाऊक असते. आधी पाण्यावर पाने येतात, मग काटक्या. काचेसारखे पाणी दूध कमी पडलेल्या चहासारखे होते. मग आवाज बदलतो, नेहमीच्या सळसळीखाली एक जाड घरघर लागते. एवढे झाले की आमचा माणूस अंगाला साबण तसाच ठेवून काठावर येतो. तुम्ही मात्र मोबाइल वर धरा, पाण्याचा तो रंग रीलमध्ये छान उठतो. तरणतलावात पोहायला शिकला असाल तर थेट जिथे पाणी पडते तिथेच सूर मारा. तिथल्या फेसात निम्मी हवाच असते, माणूस नेहमीसारखा तरंगत नाही, आणि खाली कातळ कुठवर आला आहे हे त्या कातळालाच माहीत. अडकलात तर घाबरू नका. जुलै 2024 मध्ये आमच्याच तालुक्यात पाली धबधब्यावर पाणी अचानक चढले आणि ऐंशीएक लोक अडकून पडले, त्यांना अग्निशमन दलाने आणि पोलिसांनी बाहेर काढलेच ना! रविवारी घरी जेवत बसून त्या बिचाऱ्यांनी तरी काय करायचे?

प्यायचेही शास्त्र आहे. पर्यटनस्थळी उघड्यावर दारू पिण्याला 2019 मध्ये एकट्याला 2,000 आणि घोळक्याला 10,000 रुपये दंड ठरला होता. म्हणजे चौघे असाल तर एकेकटे प्यायचे. सहा झालात की घोळका परवडायचा, माणशी सतराशेलाही पडायचा नाही. रिकामी बाटली कातळावर फोडायची की नुसती पाण्यात सोडायची, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा भाग. हे सगळे पुण्या-मुंबईचे लोक करतात असे म्हणायची आमच्याकडे पद्धत आहे. मी रविवारी अंगणात उभा राहून नंबरप्लेटी वाचतो. गोव्याच्या, म्हणजे जीएच्या, काही कमी नसतात. त्यांतल्या एका गाडीच्या मागच्या काचेवर म्हादई नदी वाचवण्याचा स्टिकर होता. पाणीवाटपाच्या लवादाने 2018 मध्ये तिचे कर्नाटकाला 13.42 टीएमसी पाणी दिले तेव्हा आम्ही सगळेच पेटून उठलो होतो. म्हादई आमची आई, तिचा थेंब देणार नाही. त्या गाडीतल्यांनी थेंब दिला नाहीच. काचा दिल्या.

आमच्या आईला यातले काही कळत नाही. कुणी विचारते, "काकू, वॉटरफॉल किती लांब?" ती म्हणते, "खंयचो? व्हाळ? तो काय, माडांच्या मागे." व्हाळ, म्हणजे साधा ओढा, बघायला लोक पेट्रोल जाळून येतात याचे तिला अजून नवल वाटते. पाणी वरून पडते ते काय बघायचे, पडून कुठे जाते ते बघावे, असे तिचे म्हणणे.

ते जाते आमच्या कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत. व्हाळाचा एक फाटा पोफळींमधून काढलेला आहे. सोमवारी सकाळी तो तुंबतो, पाणी पोफळींच्या बुडात साचते आणि आई कोयता घेऊन निघते. चिप्सची पाकिटे, बाळाचे फुगलेले डायपर, एकदा गॉगल, तोही शाबूत. आणि चपला. यंदा आतापर्यंत अकरा, त्यांतल्या सात डाव्या. त्या ती धुऊन गोठ्याच्या वळचणीला मांडून ठेवते, न जाणो कुणी शोधत आले तर. अजून तरी कुणी आलेले नाही. मागच्या महिन्यात तिने त्यांतून एक जोड जमवला, डावी आठ नंबरची निळी आणि उजवी नऊ नंबरची काळी. व्हाळात उतरताना आता तोच घालते. उजवी थोडी सैल होते, म्हणून तिला केळीच्या सोपाची दोरी बांधली आहे.