आईची हाक आणि फोनचा गजर

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या शाळेच्या वर्गमित्रांच्या व्हॉट्सॲप गटावर गेल्या महिन्यात वाद झाला. एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवण्याची, आवेग आवरण्याची आणि काही जणांमध्ये अतिचंचलतेची बालपणापासूनची अडचण, मोठेपणीही टिकून राहते, असे मी लिहिले आणि माझे निदान वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी इथे इंग्लंडमधल्या लीड्समध्ये झाल्याचेही सांगून टाकले. उत्तरे दोनच प्रकारची आली. काहींच्या मते हे सारे मोबाइलने केले होते. इतरांच्या मते हे भरल्या पोटी सुचणारे विलायती खूळ होते, कपाशीच्या फवारणीतून ज्याला मान वर करता येत नाही त्याला असल्या आजाराची सवड नसते.

मोबाइलचा मुद्दा लवकर निकालात निघतो. लक्ष न टिकणाऱ्या मुलांचे वर्णन जॉर्ज स्टिल या डॉक्टरांनी लंडनमध्ये 1902 साली केले, तेव्हा आमच्या दारव्ह्यावरून जाणारी शकुंतला आगगाडीसुद्धा धावू लागली नव्हती. विलायतेलाही हे सगळे आधीपासून उमगले होते असे नाही; इंग्लंडच्या आरोग्यसेवेला मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेने एडीएचडीच्या सूचनांत प्रौढांच्या उपचारांचा समावेश केला तो 2008 मध्ये.

सवडीचा मुद्दा मात्र मी हसण्यावारी नेणार नाही, कारण गावी असताना माझी अडचण खरोखरच फारशी दिसत नव्हती. निदानासाठी बारा वर्षांच्या आतली लक्षणे पाहावी लागतात, म्हणून तज्ज्ञांनी घरच्यांना विचारायला सांगितले आणि मी आईला फोन लावला. "तुले काय झालं होतं? काहीच नाही," असे म्हणून ती पुढे अर्धा तास बोलत राहिली. "दुधापाशी बसवलं तर दूध उतू जाये अन् तू तिथंच बसून राहे. दुकानात धाडलं तर पैसे देऊन सामान तिथंच राहे." प्रगतिपुस्तकातला शेरा दरवर्षी एकच होता : हुशार आहे, पण लक्ष देत नाही. वर्गात धिंगाणा घालणारा मुलगा गुरुजींच्या डोळ्यांत भरतो. खिडकीबाहेर पाहत बसलेल्या मुलीचा कोणालाच त्रास नसतो, त्यामुळे मुलींचे निदान पुष्कळदा राहून जाते.

तरीही माझे निभावले, कारण अकरा माणसांच्या घरात कोणी ना कोणी सतत हाक मारत होते, आणि मृग कधी लागतो हे कोणाला डायरीत लिहून ठेवावे लागत नव्हते. इथे भाडे, कर, कार्यालयाचे अहवाल आणि मुलीच्या शाळेचे अर्ज असे सारे माझ्या एकटीच्या डोक्यावर आले. दोनदा दंड भरला, एक नोकरी गेली. मेंदू तोच होता, हाक तेवढी बंद झाली होती. (ती हाक मारण्यात आईचा किती जीव गेला, हे 'आमच्या वेळी असले काही नव्हते' म्हणणारे कधी विचारत नाहीत.) शिवाय आता गावातही नुसत्या ऋतूवर भागत नाही. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले तरच बिनव्याजी पडते, आणि ई-पीक पाहणी मोबाइलवर मुदतीत नोंदवावी लागते. विसराळूपणाला आता आमच्या गावातही व्याज लागते.

इथले सगळे अनुकरणीय आहे असेही नाही. तपासणीसाठी अनेकांना वर्षानुवर्षे थांबावे लागते, आणि एडीएचडीला दैवी देणगी ठरवणाऱ्या उत्साही मंडळींशी माझे जमत नाही. मला उपयोग झाला तो लक्ष टिकवायला मदत करणाऱ्या मिथाइलफेनिडेट या औषधाचा, ज्याची मात्रा नाडी, रक्तदाब आणि वजन पाहत हळूहळू वाढवली गेली. गोळीने कामापुढे बसता येते. कोणत्या कामापुढे बसायचे, हे ती सांगत नाही. त्यासाठी इथल्या 2010 च्या समानता कायद्याच्या आधारे मी कार्यालयाकडून लेखी सूचना आणि मोठ्या अहवालाचे आठवड्याचे टप्पे मागून घेतले, आणि एक सहकारी रोज तासभर व्हिडिओ कॉलवर न बोलता शेजारी काम करत बसते. ओसरीवर बायका मिळून तूर निवडत, तेव्हा माझाही हात थांबत नसे, त्याचीच ही नवी आवृत्ती आहे.

आपल्याकडे 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत एडीएचडीला स्वतंत्र स्थान नाही, आणि देशात लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही. अशा स्थितीत मोठी जागृती मोहीम काढून लोकांना रांगेत उभे करण्यात मला अर्थ दिसत नाही. त्याऐवजी नैराश्य किंवा व्यसनासाठी जिल्हा रुग्णालयात आलेल्या माणसाला त्याचे शाळेतले दिवस कसे होते, एवढे विचारले जावे. अनेकांचे मूळ दुखणे तिथेच सापडू शकते. निदान झाले तरी पुढची अडचण उरतेच. मिथाइलफेनिडेट आपल्याकडे अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत येते, त्यामुळे ते चिठ्ठीशिवाय मिळत नाही. मला ते दर महिन्याला दहा मिनिटे चालून गेल्यावर मिळते, तरी माझी तारीख चुकलेली आहे. आमच्या गावातून यवतमाळला एसटीने जायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते. ज्याला विसरण्याचाच आजार आहे त्याने ती फेरी लक्षात ठेवून करायची असेल, तर आदल्या रात्री त्याला हाक कोण मारणार, हे आधी ठरवावे लागेल.