आईंच्या पायाच्या जखमेबद्दलच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय मी वाचला. तुम्ही लिहिलंय की आईंना ऱ्हुमॅटॉइड संधिवात आहे, घोट्याजवळची जखम भरत नव्हती म्हणून त्यांना आमच्या ॲक्युपंक्चर केंद्रात आणलं, आठ आठवडे सुया लावल्या, जखम दुप्पट झाली, आणि शेवटी त्वचारोगतज्ज्ञांनी बायॉप्सी करून पायोडर्मा गँग्रिनोसम, म्हणजे वेगाने पसरणाऱ्या दुखऱ्या जखमांचा त्वचारोग, असल्याचं सांगितलं. ‘सुया टोचून जखम वाढवली, वर गोळ्याही बंद करायला लावल्या, ही फसवणूक आहे,’ हे तुमचे शब्द. रुग्णाची माहिती चारचौघांत सांगायची नसते, म्हणून तुम्ही स्वतः इथे लिहिलंय तेवढ्यावरच बोलते.

जखमेबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे. चूक माझी आहे आणि मी तुमची आणि आईंची माफी मागते.

ती चूक कुठे झाली तेही सांगते. ‘संधिवात आहे, जखम हळूच भरणार’ हे वाक्य मी तुम्हाला पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, आणि तिथेच माझा विचार थांबला. हळू का, हे विचारलंच नाही. ऱ्हुमॅटॉइड संधिवातात पायाची जखम रेंगाळण्याचं कारण प्रत्येकाचं वेगळं असतं. कुणाच्या बारीक रक्तवाहिन्यांनाच सूज येते, तो व्हॅस्क्युलायटिस. कुणाचा घोटा आखडतो, चालताना पोटरी रक्त वर ढकलू शकत नाही, ते पायातच साचतं आणि त्वचा फुटते. तिथे घट्ट पट्टी बांधणं हा मुख्य उपचार असतो, पण त्याआधी घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब ताडून धमन्या मोकळ्या आहेत ना हे बघावंच लागतं. वाकड्या झालेल्या बोटांना चप्पल घासते, वर्षानुवर्षं स्टिरॉइड घेऊन कातडी कागदासारखी होते. काहींच्या तर पांढऱ्या पेशीच कमी पडतात, प्लीहा वाढलेली असते, त्याला फेल्टी सिंड्रोम म्हणतात. आणि पायोडर्मामध्ये शरीराची स्वतःचीच संरक्षण यंत्रणा कातडीवर उलटते. यातल्या एकाचा उपचार दुसऱ्याला चालत नाही. मी मात्र कारण न कळता सुया लावत राहिले.

पायोडर्मात ही चूक जास्तच महागात पडते. त्या आजारात बारीकशा इजेनेही कातडी पेटून उठू शकते. टाक्याने, खरवडण्याने, अगदी सुईच्या टोचण्यानेसुद्धा. याला पॅथर्जी म्हणतात. आमची सुई ०.२५ मिलीमीटर जाडीची असते, प्रत्येक वेळी नवी आणि निर्जंतुक असते, त्यामुळे तिच्यापासून धोका तो काय, असं मी धरून चालले. पण पॅथर्जीला जंतू लागतच नाहीत, नुसती इजा पुरते. जखमेच्या भोवती गोल सुया लावायची पद्धत आमच्या शास्त्रात जुनी आहे आणि मी तीच वापरली. त्या सुयांनी जखम वाढली असण्याची शक्यता खरी आहे. मी ती नाकारत नाही.

खुणाही समोर होत्या. जांभळट, आतून पोखरलेल्या कडा, जखमेच्या आकाराला न शोभणारी वेदना, आठवड्याला दिसेल अशी वाढ. आई सुई लावायच्या आधीच पाय आखडून घ्यायच्या हे तुम्ही लिहिलंय, ते वाचून मला फार वाईट वाटलं. मी त्याला भीती समजले होते. दुसऱ्या आठवड्यातच चिठ्ठी देऊन पाठवायला हवं होतं.

मग जखमेवर सुया मी लावतच का होते, हेही सांगायला हवं. सुई टोचली की तिथल्या मज्जातंतूंच्या टोकांतून रक्तवाहिन्या रुंदावणारे पदार्थ सुटतात आणि आजूबाजूचा रक्तप्रवाह काही वेळ वाढतो, हे मोजून पाहिलेलं आहे. त्यावरून जखमही भरेल असं मी गृहीत धरलं. प्रवाह थोडा वेळ वाढणं आणि जखम बुजणं यात मोठं अंतर आहे. ऱ्हुमॅटॉइड संधिवातावरच्या ॲक्युपंक्चरचा २००५ चा कॉक्रेन आढावा (झालेले अभ्यास एकत्र तपासणारा अहवाल) अवघ्या दोन अभ्यासांवर, ८४ रुग्णांवर उभा आहे, आणि त्यात सुयांनी ईएसआर किंवा सीआरपी, म्हणजे रक्तातली सूज मोजणाऱ्या चाचण्यांचे आकडे, उतरल्याचं दिसलं नाही. म्हणजे मूळ आजाराची आग सुईने शमते असा दावा करायला मला आधार नव्हता. ‘न भरणाऱ्या जखमांवर उपचार’ ही ओळ आमच्या फलकावर होती. ती मी काढून टाकली आहे. पाठदुखीला, गुडघेदुखीला मी सुया लावते आणि लावत राहीन. त्या कामाला फसवणूक म्हटलेलं मला पटत नाही, पण जखमेच्या बाबतीत तुमचा राग योग्य आहे.

गोळ्यांचं मात्र स्पष्ट सांगते. मेथोट्रेक्सेट (संधिवात दाबून ठेवणारं औषध) किंवा स्टिरॉइड बंद करा असं आमच्याकडे कुणालाही सांगितलं जात नाही, आईंनाही सांगितलेलं नाही. स्टिरॉइड एकदम थांबवणं जिवावर बेतू शकतं, आणि मेथोट्रेक्सेट सोडलं की दबलेला संधिवात उसळतो. पण ‘इथे सुया चालू आहेत, आता गोळ्या कशाला’ असं रुग्णाच्या मनात येतं हे मला माहीत आहे, आणि तरीही दर भेटीला गोळ्यांची चौकशी मी केली नाही. ही माझी कसूर आहे.

आता संधिवाताच्या रुग्णाची उघडी जखम आम्ही कारण लिहून आणल्याशिवाय हातात घेत नाही. दुखण्यासाठी आलेल्याच्या पायावर जखम दिसली तर त्या पायाला सुई लागत नाही आणि त्याच दिवशी ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट (संधिवाततज्ज्ञ) किंवा त्वचारोगतज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी दिली जाते. हे वाचणाऱ्या इतरांनाही कळकळीची विनंती आहे: घरात कुणी स्टिरॉइडवर किंवा प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या बायोलॉजिक इंजेक्शनांवर असेल तर ताप नाही, लाली नाही म्हणून निर्धास्त राहू नका, कारण या औषधांत संसर्गाच्या खुणा झाकल्या जातात. चार आठवड्यांत लहान व्हायला न लागलेली जखम डॉक्टरांना दाखवा, आणि रोज वाढणारी असेल तर आजच.

तुमचे सगळे पैसे परत करत आहे. त्यासाठी अभिप्राय काढू नका, तो इथेच राहू द्या. आईंच्या डॉक्टरांना सुया नेमक्या कुठे आणि कोणत्या तारखांना लावल्या हे लागेल. केसपेपरची पूर्ण प्रत आणि तो तक्ता मी बंद पाकिटात काढून ठेवलाय. तुम्ही नेऊ शकता, किंवा सांगाल त्या पत्त्यावर मी स्वतः आणून देईन.