कोकण काय पळून चाललंय?

आज सकाळी फॅमिली ग्रुपवर आतेभावाचा मेसेज आला. शनिवार-रविवार धरून रेवस ते रेडी, अख्खा सागरी महामार्ग 'कव्हर' केला म्हणे. सोबत ड्रोनचे व्हिडिओ आणि खाली तक्रार, की जंगलजेट्टीच्या, म्हणजे गाड्या खाडीपार नेणाऱ्या बोटींच्या रांगांमध्ये अर्धा दिवस फुकट गेला, खाड्यांवर पूल झाले की सुटलो एकदाचे. त्यावर सगळ्यांचे अंगठे. आत्याला वाईट वाटेल म्हणून तिथे गप्प बसले, पण दिवसभर डोक्यातून जात नाहीये.

जवळजवळ 500 किलोमीटरचा किनारा दोन दिवसांत? अरे, पाहिलंस काय? हरिहरेश्वरची प्रदक्षिणा केलीस का? ती ओहोटीलाच करता येते, भरती आली की खडकांवरची वाट पाण्याखाली. हेदवीच्या बामणघळीचं नेमकं उलटं, तिथे पाणी उसळताना बघायचं तर भरती गाठावी लागते. या रस्त्यावर कुठे कधी पोचायचं ते समुद्र ठरवतो. ते मान्य नसेल तर हायवे आहेच की, जा सरळ गोव्याला.

ती 'फुकट गेलेली' वेळ वाचून मला आमचं दाभोळ आठवलं. आईला घेऊन दापोलीहून गुहागरला चालले होते. धक्क्यावर पोचलो आणि डोळ्यांदेखत बोट सुटली. ऊन मी म्हणत होतं. टपरीच्या सावलीला एक म्हातारे खलाशी जाळं सांधत बसले होते, आई जाऊन त्यांच्याशेजारी बाकावर टेकली. पुढे कुठे जाणार वगैरे विचारून झालं. हेदवीचं नाव निघाल्यावर ते म्हणाले, "आज तिथी काय हो ताई?"

"षष्ठी," आईने पटकन सांगितलं.

"मग साडेचारला भरती. तेव्हाच जावा."

"हे कसं सांगितलंत?"

"तिथीची पाऊणपट करायची. झाली भरतीची वेळ."

माझी आई जन्मभर तिथ्या पाळत आलेली. संकष्टी, एकादशी, प्रदोष, काही चुकवलं नाही. त्याच तिथीवर समुद्रही चालतो हे तिला सत्तरीत, दाभोळच्या धक्क्यावर कळलं. पुढची बोट येईपर्यंत ती बोटांवर हिशेब करत होती. नवमीला पावणेसात. एकादशीला सव्वाआठ. मग माझ्याकडे वळून, "साडेचारला मला तिथे पोचवशील ना गं?"

आता सांगा, ही वेळ फुकट गेली?

पूल नकोत असं नाही. रात्री-अपरात्री बाळंतीण अडली तर तिने बोटीची वाट बघत बसायचं का? नाही. स्थानिकांना पूल हवेत, आणि त्यात त्यांचंच म्हणणं खरं धरायला हवं. अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासून या रस्त्याची चर्चा ऐकतोय, बाणकोटच्या खाडीत अर्ध्या पुलाचे खांब वर्षानुवर्षं उभे आहेत. होऊ देत पूल. पण दोन दिवसांच्या पर्यटकाने वीस मिनिटं वाचावीत म्हणून मागू नयेत एवढंच.

खरा संताप मला व्हिडिओतल्या दुसऱ्याच गोष्टीचा आला. पुळणीवर गाडी! चाकांनी पाणी उडवत, वर गाणं लावून. कुठली पुळण ते मी ओळखलं, लिहीत नाही. वेळास, आंजर्ले, केळशी, या पट्ट्यात ऑलिव्ह रिडले कासवं वाळूत अंडी घालतात. गावातली पोरं पहाटे चालत जाऊन घरटी शोधतात, अंडी कुंपणात नेऊन जपतात. आणि तुम्ही त्याच वाळूवरून टायर फिरवता? भरती आली, गाडी रुतली, की त्याच गावचा ट्रॅक्टर बोलवायचा! लाज वाटत नाही का रे? आणि वर खानावळीला एक स्टार, कारण जेवायला तासभर लागला. अरे, घरगुती खानावळ आहे ती. सकाळी फोन करून पानं सांगायची असतात. तुझ्यासाठी ती बाई ताजा बांगडा साफ करून, नारळ खवून, वाटण वाटून देतेय. तास लागणारच!

जाऊ दे. लिहून जरा शांत वाटलं.

आम्ही पोचलो त्या दिवशी, साडेचारच्या जरा आधीच. बामणघळ म्हणजे काळ्या कातळातली एक अरुंद चीर. लाट आत शिरते, क्षणभर काहीच होत नाही, मग आतून धडाड आवाज येतो आणि पाणी उंच उसळतं. आईचा चष्मा खारट थेंबांनी भरला, पदर भिजला. ती माझा दंड घट्ट धरून उभी होती आणि प्रत्येक लाटेला "आली बघ, आली बघ" करत होती. मागे ये म्हटलं तर ऐकेना. गुहागरला पोचायला अंधार झाला. वाटेतलं वेळणेश्वर राहिलंच, त्याचं आम्हा दोघींनाही काही वाटलं नाही.

तर मंडळी, दिवाळीनंतर निघणार असाल तर एवढं ऐका. एका दमात सगळं नको. नुसतं दिवेआगर ते गुहागर करा आणि त्याला चार-पाच दिवस द्या. बागमांडल्याहून वेश्वीला बोटीनेच जा. हर्णैचा मासळीचा लिलाव संध्याकाळी गाठा, तिथे बैलगाड्या अजून मासळी ओढतात. दाभोळला बोट चुकली तर धक्क्याजवळची जुनी आदिलशाही मशीद बघा, वेळ असेल तर चंडिकेच्या गुहेत जा. आत दिव्याच्या उजेडात वाकून जावं लागतं. कॅलेंडर सोबत ठेवा, तिथ्यांचं. गाडी रस्त्यावर लावा आणि पुळणीवर पायी उतरा.

दापोली-गुहागरकडच्या दोन घरगुती खानावळींचे नंबर आहेत माझ्याकडे. मेसेज करा, देते. पण पानं सकाळीच सांगायची, हे कबूल असेल तरच.