फणस निघाला भट्टीला

सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय. लांबण लागली तर लागू दे.

फुलेवाडी नाक्याजवळ गाडीची हवा चेक करायला थांबलो होतो. शेजारी एक छोटा हत्ती पंक्चर काढत उभा, मागं ओंडके रचलेले. सहज नजर गेली आणि पोटात गोळा आला. कडेला बोटभर पांढरं आणि आत पिवळाजर्द गाभा, हळद लावून बसवल्यासारखा. सालीखालून चीक ओघळून थिजलेला. फणस. माझ्या कवेत मावला नसता एवढा.

"भावा, कुठं चाललाय माल?"

"वीटभट्टीला की."

जसं काही शेण्या भरल्यात मागं.

अरे, फणसाचं लाकूड जाळतात काय? ज्याच्या गाभ्याला वाळवी सहसा तोंड लावत नाही, जे जितकं जुनं होईल तितकं तांबूस, मधासारखं दिसायला लागतं, ते क्विंटलच्या भावानं भट्टीत? आणि विटा कशाला, तर बंगला बांधायला. त्या बंगल्याला दार कसलं, तर प्लायवूडवर लाकडाचा फोटो चिकटवलेलं! नाद खुळा.

आमचं मूळ गाव आजऱ्याच्या वरच्या अंगाला. घराचं पुढचं दार फणसाचं. मी तिसरीत असताना परड्यातला फणस वादळात कलला, तेव्हा आबांनी तो उतरवला. परड्यात खड्डा काढून त्यावर ओंडका आडवा टाकला आणि दोन करवतकरी आले, एक वर, एक खाली खड्ड्यात. खालच्याच्या डोक्यावर, पापण्यांवर पिवळा भुसा. दिवसभर तो खंडोबाचं दर्शन घेऊन आल्यासारखा दिसायचा. मी शाळेच्या पांढऱ्या शर्टासकट त्या ओल्या भुशात लोळलो. आईनं शर्ट सोड्याच्या पाण्यात उकळला, तर डाग जायचा सोडून रंग आणखी चढला! वर्षभर मी पिवळट शर्टानं शाळेत गेलो. मास्तर मला 'हळद्या' म्हणायचे.

पुढं कधीतरी कळलं की ब्रह्मदेश, थायलंडकडचे बौद्ध भिक्खू याच गाभ्याच्या ढलप्या उकळून चीवरं रंगवत आलेत. आईला सांगितलं तर म्हणाली, "त्यांना रंग पाहिजे असतोय, मला डाग घालवायचा होता."

तर, दार. फळ्या पडल्यावर लगेच दार झालं नाही. सुतारअण्णांनी मधे पट्ट्या घालून त्या पडवीत रचल्या आणि बजावलं, "दोन पावसाळे हात लावायचा नाही." आबांसारखा तापट माणूस, पण दोन वर्षं गप्प बसला. आज आपल्याला किचनची ट्रॉली आठ दिवसांत पाहिजे.

आता म्हणाल, तुझ्या आबांनी तरी झाड तोडलंच की. तोडलं. कबूल. पण चुलीत नाही घातलं.

आणि ज्याचा हा फणस होता, त्याचीही काही अडचण असेल. मुळं भिंतीत घुसतात, फळ पत्र्यावर पडतं, पिकल्यावर माशा घोंगावतात. असेल. तोडायची परवानगीही काढली असेल, मी विचारलं नाही. १९६४ च्या झाडतोड कायद्याच्या यादीत साग, चंदन, खैर यांच्या पंगतीत फणस बसलाय, म्हणजे स्वतःच्या बांधावरचा असला तरी विचारून तोडायचा. सरकारला किंमत कळली, आपल्याला नाही.

आपल्याकडं लाकूड म्हणजे साग, संपलं. वास्तुशांतीला गेलं की यजमान पहिल्यांदा दारावर टकटक करून दाखवणार, "बर्मा टीक!" बऱ्याच वेळा ते बर्माचं नसतंयच, पण ते जाऊ दे. सागाशी माझं वैर नाही. पण साग उन्हाळ्यात नागडा उभा असतो आणि फणस बारा महिने हिरवागार, भर चैत्रात खाली म्हैस बांधावी अशी सावली. आपल्याच सह्याद्रीतलं झाड. गरे खायचे, आठळ्या भाजायच्या, पानं शेळीला घालायची आणि शेवटी खोडाला काडी लावायची?

मिरजेत तंबोऱ्याला भोपळा लागतो, हे आपल्याला माहीत असतं. तिकडं तंजावरात वीणा फणसाच्या लाकडातून कोरतात, मृदंगाचं खोडही त्याचंच. जिथं भोसल्यांनी राज्य केलं त्या तंजावरात! तिथं त्यातून सूर निघतो, इथं धूर.

असो. जरा चहा पिऊन आलो.

खरं सांगायचं तर माझाही हात स्वच्छ नाही. गावचं घर वाटणीत गेलं तेव्हा चुलतभावानं विचारलं होतं, "दार नेतोस का कोल्हापूरला?" मी म्हटलं, फ्लॅटमध्ये कुठं बसवू, चौकटीचं माप जमणार नाही. पावसात ते फुगून घासायचंही, खांदा लावल्याशिवाय उघडायचं नाही. नाही आणलं. पुढं त्यानं ते कुणाला दिलं, मी विचारलं नाही. विचारायला तोंड नव्हतं. त्या दाराला खालच्या बाजूला मी खिळ्यानं 'हळद्या' कोरलं होतं, म्हणून आबांचा मार खाल्ला होता.

आज त्या ड्रायव्हरकडून दोन तुकडे मागून घेतले. पैसे देऊ केले तर हसला, "जळणाला पैसे कशाला, साहेब?" मीही हसलो, काय करणार. दोघांनी मिळून डिकीत टाकले. आता ते गॅलरीत उभे आहेत, बायको म्हणते मुंग्या होतील. हाताचा चीक खोबरेल लावूनही पुरता गेलेला नाही, मोबाईलची स्क्रीनपण चिकट झालीय.

दोन पाट निघतील असं वाटतंय. कुणाच्या ओळखीत हातानं काम करणारा म्हातारा सुतार असेल तर कमेंटमध्ये नंबर टाकू नका, मला इनबॉक्स करा. घाई नाही म्हणावं. दोन पावसाळे थांबतो.