‘परिस्थिती आड येत नाही’ म्हणणाऱ्यांना

दहावीचा निकाल लागला की सोलापुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर दरवर्षी फिरतो. वर विडी कामगाराच्या मुलीला आई पेढा भरवतानाचा फोटो आणि खाली साधारण असं: ‘गरिबी ही सबब आहे. शाळा फुकट, पुस्तकं फुकट, खिचडी फुकट. वर्ग तोच, गुरुजी तेच. बाबासाहेब दिव्याखाली शिकले. ज्याला शिकायचंय तो शिकतोच. बाकीच्यांच्या आईबापांनाच शिक्षणाची किंमत नाही.’

मी पूर्व भागातल्या एका हायस्कुलात शिकवते. हा मजकूर पाठवणारी माणसं मनाने वाईट नाहीत, त्या मुलीचं कौतुक त्यांना खरंच असतं. पण फोटोत नसलेल्या मुलांवर तो अन्याय करतो, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देते.

बाबासाहेबांपासून सुरुवात करू, कारण त्यांचं नाव घेतलं की समोरचा गप्प बसतो. वर्गात वेगळं बसवलेला, पाण्याला शिवू न दिलेला तो मुलगा कशाकशातून गेला, याची आपल्याला कल्पनाही करता येणार नाही. पण त्यांचे वडील रामजी सकपाळ लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते, मुलाचा अभ्यास स्वतः घेत. परळच्या चाळीतल्या एका खोलीत जागा पुरत नव्हती, म्हणून भीमराव लवकर झोपायचे आणि मध्यरात्र उलटली की वडील त्यांना अभ्यासाला उठवायचे. पुढे १९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. म्हणजे दिव्याशेजारी शिकलेला बाप होता आणि पुढे पैशाची सोय झाली. हे बाबासाहेबांइतकं कुणाला कळलं असेल? १९२४ साली त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा काढली आणि पुढच्याच वर्षी सभेने हायस्कुलात शिकणाऱ्या मुलांसाठी वसतिगृह उघडलं, तेही आपल्या सोलापुरात. जिद्द ठेवा, एवढंच सांगून ते थांबले नाहीत. मुलांच्या राहण्या-जेवण्याची सोय आधी केली. त्यांचं उदाहरण द्यायचं तर हेही द्या.

दुसरं उदाहरण हमखास सुशीलकुमार शिंदे यांचं येतं. सोलापूरच्या कोर्टात पट्टेवाला, मग फौजदार, २००३ साली मुख्यमंत्री. अभिमान वाटावा असाच प्रवास. पण ती पट्टेवाल्याची का होईना, पगाराची नोकरी होती. महिन्याच्या महिन्याला ठरलेली रक्कम हातात पडणार, ही खात्री हजार विड्यांमागे ठरलेल्या मजुरीवर विड्या वळणाऱ्या घराला नसते.

आता ‘सगळं फुकट’. आठवीपर्यंत हे बऱ्याच अंशी खरं आहे. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयापुरता आहे. सरकारची मोफत पुस्तकं आठवीपर्यंत, शाळेतला पोषण आहारही आठवीपर्यंतच. नववीत पाऊल टाकलं की पुस्तकं विकत घ्यायची, दुपारचा डबा घरून आणायचा. आणि नेमका याच वयात मुलगा कमावता होऊ शकतो. काल सुट्टीत मागासाठी सुताच्या कांड्या भरणारा पोरगा आता पॉवरलूमवर उभा राहण्याइतका उंच झालेला असतो. घराला त्याच्या मजुरीची गरज आणि शाळेचा वाढलेला खर्च एकदमच समोर येतात. नववीच्या हजेरीपटावर एखादं नाव आधी सोमवारी गैरहजर दिसतं, मग आठवडाभर, मग कायमचं. शाळा सोडली असं कुणी जाहीर करत नाही.

‘वर्ग तोच, गुरुजी तेच’ हा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागतो, कारण ती गुरुजी मीच. वर्गात मूल पाच-सहा तास असतं, उरलेला दिवस घरी. माझ्या वर्गातल्या एका मुलीचं घर म्हणजे एक खोली. संध्याकाळी आई मांडीवर सूप घेऊन बसते. भिजवलेली पानं साच्यावर ठेवून कापायची, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा. पानं भिजवली की दुसऱ्या दिवसावर ढकलता येत नाहीत. लेक शेजारी बसून विड्यांची तोंडं बंद करते. तिच्या गणिताच्या वहीत तंबाखूचा वास असतो. टीव्ही, धाकटा भाऊ, स्वयंपाक, सगळं त्याच दिव्याखाली. सकाळी आई विड्या घेऊन कारखान्यात जाते. तिथे खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे मिळत नाहीत, म्हणून आदल्या रात्री लेकीचा हातही नीट चालावा लागतो. त्यात आपल्या शहरात पाणी येतं चार-पाच दिवसांनी. ते शाळेच्या वेळेला आलं तर घागरी कोण भरणार? त्या दिवशी कोणत्या मुली वर्गात नसतील, हे मला हजेरी न घेता सांगता येतं.

हे फक्त आमच्या गल्लीपुरतं नाही. अमेरिकेत १९६६ साली समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांनी सुमारे ६ लाख विद्यार्थ्यांची पाहणी केली. शाळांच्या साधनसामग्रीतल्या फरकापेक्षा घरच्या पार्श्वभूमीचा गुणांशी जास्त संबंध दिसला. शिक्षकाच्या हातात काहीच नाही असा याचा अर्थ मी लावत नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवणाऱ्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला तो उगाच नाही. पण गुरुजी तेच म्हणून संधी तीच, हे गणित चुकतं.

जिद्दीचं म्हणाल, तर उसाच्या पट्ट्यातल्या लोकांना पटेल असा एक अभ्यास आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या संशोधनात तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांना तोडणीआधी आणि तोडणीचे पैसे आल्यावर बुद्धीला ताण देणारी कोडी सोडवायला दिली. माणूस तोच, पण हातात पैसा नसताना तो कमी पडला. मोठ्यांचं डोकं पैशाच्या घोरात असं अडकतं, तर घरमालक उद्या येणार हे ऐकून झोपलेल्या चौदा वर्षांच्या पोराकडून बीजगणिताची काय अपेक्षा धरायची?

राहिला आईबापांचा मुद्दा. याचा मला राग येतो. बचत गटाचं कर्ज काढून शिकवणीची फी भरणाऱ्या बायका मी पाहते. पालकसभेला येत नाहीत, कारण कामावर खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. आल्या तरी गप्प बसतात, कारण घरात तेलुगू, कन्नड किंवा उर्दू आणि सभा आमच्या पुस्तकी मराठीत. अकरावीचा अर्ज ऑनलाइन, उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून, जातीचा दाखला, त्याला जुना पुरावा. पहिल्या खेपेला एक कागद कमी निघतो आणि आणखी एक खाडा पडतो. नोकरदाराच्या घरात हे सगळं बाप ऑफिसच्या संगणकावर उरकतो. किंमत दोघांनाही सारखीच कळते, वाट फक्त एकालाच माहीत असते.

मंडळांना, संघटनांना माझी विनंती आहे: सत्कार जरूर करा, पण खर्चातला थोडा भाग निकालाच्या आधीच्या वर्षी घाला. शाळेच्या खोल्या संध्याकाळी सात ते दहा रिकाम्या असतात. तिथे अभ्यासिका चालवा, एक पगारी माणूस ठेवा, मुलींना सुखरूप घरी पोहोचवायची सोय करा. नववी-दहावीच्या पुस्तकांचे संच जूनमध्येच हातात द्या. आणि दाखल्यांचं शिबिर शाळेच्या आवारात, सुट्टीच्या दिवशी भरवा. कागदपत्रांची यादी तेलुगू, कन्नड, उर्दूत मी आमच्या सहकाऱ्यांकडून लिहून घेते.