केळं, कुकी आणि आईची बंद झालेली गोळी

मागच्या रविवारी चोपड्याला घरी गेलो तर आईच्या शुगरच्या गोळ्यांचं पाकीट जसंच्या तसं पडलेलं. पाच दिवसांपासून गोळी बंद! का तर म्हणे "मोबाईलमा लिखेल शे ना भाऊ." काय लिखेल शे ते वाचलं आणि डोकंच फिरलं. मामांनी पाठवलेला मेसेज, निम्म्या गल्लीत फिरलेला. इस्रायलच्या शास्त्रज्ञांनी 800 लोकांना अंगावर लावायचा साखर मोजणारा सेन्सर आणि ॲप देऊन सिद्ध केलं की केळं कुकीपेक्षा घातक, म्हणून केळं बंद करा कुकी चालेल. ताटाचा फोटो काढला की ॲप अचूक कॅलरी सांगतं. आणि सेन्सर लावून ॲप सांगेल तसं खाल्लं की गोळीची गरजच नाही.

संशोधन झालंय, ते खोटं नाही. वाइझमन इन्स्टिट्यूटचं, 2015 साली 'सेल' या जर्नलमध्ये आलं. 800 लोक, आठवडाभर सेन्सर, खाल्लेलं सगळं मोबाईलवर नोंदवायचं, अशी 46,898 जेवणं. पण त्यातून निघालं काय, तर एकच पदार्थ प्रत्येकाची साखर वेगवेगळी वाढवतो. एकाची केळ्याने वाढली, कुकीने नाही. दुसऱ्याची बरोबर उलटी. मेसेज लिहिणाऱ्याने पहिला माणूस घेतला आणि दुसरा गाळून टाकला, आणि हे केळीच्या बागांमध्ये राहणाऱ्या लोकांना पाठवलं.

आता गोळीचं. त्या 800 जणांत डायबेटिसचं निदान झालेला माणूस घेतलेलाच नव्हता! म्हणजे गोळी सोडली तर काय होतं हे तिथे कोणी तपासलेलंच नाही, मग हे वाक्य आलं कुठून? साखर वाढली की लगेच काही दुखत नाही, आईलाही "बरं वाटतंय" असंच वाटत होतं, आणि तेवढ्यात आत डोळ्याच्या पडद्याच्या, किडनीच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होत राहतात. आणि सेन्सर तरी काय, तो रक्त मोजत नाही, कातडीखालच्या पाण्यातली साखर मोजतो, आकडा रक्ताच्या काही मिनिटं मागे असतो, सेन्सर लावलेल्या कुशीवर दाबून झोपलं तर उगाच कमी दाखवतो. त्याच्या भरवशावर गोळी सोडायची?

फोटोचं थोडक्यात सांगतो. वांग्याच्या भरताच्या फोटोत तेल किती मुरलंय ते कॅमेऱ्याला दिसत नाही. एक मोठा चमचा तेल म्हणजे साधारण 120 कॅलरी, आणि आमच्याकडे भरीत एका चमच्यात होत नाही. कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीत उडीद किती हे तरी फोटोवरून कसं कळणार. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे 2017 चे तक्ते चांगले आहेत, 528 पदार्थ तपासलेत, पण तो बहुतेक कच्चा माल. आपल्या घरची कृती ॲप अंदाजानेच धरतं.

एक मान्य करतो, फोटो काढला की काय काय खाल्लं ते विसरत नाही. काल काय खाल्लं विचारलं की माणूस चहासोबतचं फरसाण हमखास विसरतो, म्हणून संशोधकांना फोटो उपयोगी पडतात. तेवढंच.

सोमवारी आईला डॉक्टरांकडे नेलं, गोळी परत सुरू झाली. केळ्याचं त्यांनी सांगितलं की अर्धं खा आणि दोन तासांनी घरच्या मशीनवर बघा.

मामा, तुमची पण गोळी चालू होती ना? बंद केली असेल तर आज रात्रीच मला फोन करा.