ज्यांनी गव्हर्नर निवडून आणला, त्यांनीच त्याचं विधेयक पाडलं

निवडणूक जिंकून देणारा सल्लागार निकाल लागल्यावर काय करतो, हे फारसं कोणी विचारत नाही. मला तोच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. त्याची खरी कमाई तिथून पुढे सुरू होते.

क्लेम व्हिटकर आणि लिओन बॅक्स्टर या जोडीचंच बघा. १९३३ साली त्यांनी कॅलिफोर्नियात 'कॅम्पेन्स इनकॉर्पोरेटेड' काढली. निवडणुका चालवणं हाच धंदा असलेली अमेरिकेतली ही पहिली कंपनी मानतात. व्हिटकर मूळचा पत्रकार. राज्याची राजधानी सॅक्रामेंटो, तिथल्या विधिमंडळातल्या बातम्या तो छोट्या वर्तमानपत्रांना पुरवायचा, त्यामुळे गावोगावच्या संपादकांशी त्याची ओळख होती. पुढचा सगळा डोलारा त्या ओळखींवर उभा राहिला. त्याच वर्षी सेंट्रल व्हॅलीच्या धरण-कालव्यांवर सार्वमत झालं. विरोधात पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक ही बलाढ्य वीज कंपनी. या दोघांनी सुमारे ४० हजार डॉलरमध्ये प्रकल्प वाचवला. आणि मग हरलेल्या वीज कंपनीनेच त्यांना मानधन देऊन आपल्याकडे घेतलं!

१९४२ मध्ये अर्ल वॉरन कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर, म्हणजे राज्याचे निवडून आलेले प्रमुख, झाले, त्यांचा प्रचार याच जोडीने चालवला होता. मोहीम संपता संपता त्यांचं बिनसलं, ती गोष्ट वेगळी. पुढे वॉरन स्वतः आजारी पडले आणि त्यांच्या मनात आलं, हा खर्च साध्या कुटुंबाला कसा झेपायचा? १९४५ मध्ये त्यांनी सक्तीच्या आरोग्य विम्याचं विधेयक आणलं. कॅलिफोर्नियातल्या डॉक्टरांच्या संघटनेने ते पाडायला कोणाला नेमलं? व्हिटकर-बॅक्स्टर. त्याच ओळखी कामाला लागल्या, वर्तमानपत्रांत जाहिराती गेल्या, अग्रलेख आले. विधेयक एका मताने पडलं.

याला व्यावसायिक कौशल्य म्हणून टाळ्या वाजवणारे खूप आहेत. माझ्याच्याने ते होत नाही. मतदारांनी वॉरनना निवडलं होतं. या दोघांना कोणीच निवडलं नव्हतं. तरी त्या एका मताच्या फरकामागे त्यांचा हात मोठा होता, आणि त्याचा जाब त्यांना विचारायची सोय कुठेच नव्हती.

त्याच काळात, त्याच राज्यात आर्टी सॅमिश होता. मद्य उद्योगाचा लॉबिस्ट, म्हणजे आमदारांकडे त्या उद्योगाची वकिली करणारा. १९४९ मध्ये त्याने मांडीवर बोलका बाहुला घेऊन फोटो काढून घेतला. बाहुला म्हणजे विधिमंडळ! इतका उघड माज पचला नाही; विधिमंडळाने त्याला दार बंद केलं आणि १९५३ मध्ये तो आयकर चुकवल्याबद्दल दोषी ठरला. पुढे १९७४ च्या सुधारणा कायद्याने लॉबिस्टने आमदारावर करायच्या खर्चाला महिन्याला १० डॉलरची मर्यादा घातली. चांगलंच झालं. पण तो कायदा सॅमिशसारख्यांसाठी होता. आमदाराला जेवू न घालता त्याच्या मतदारसंघातली हवाच फिरवणाऱ्याला १० डॉलरची मर्यादा काय करणार?

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. ज्याने उमेदवाराचा प्रचार चालवला, त्याने निदान त्या कार्यकाळात त्याच्याकडे कोणाची वकिली घेऊन जाऊ नये. आणि प्रत्येक जनमत मोहिमेमागे कोणाचा पैसा आहे, हे जाहिरातीतच ठळक छापलेलं असावं, मत द्यायच्या आधी.

वॉरननी नंतरही प्रयत्न सोडले नाहीत. ती विमा योजना त्यांच्या हयातीत कॅलिफोर्नियात आली नाही.